दक्षिणेला डोळे असतात

माझ्या घरमालकांनी पाच वर्षांत स्वतःच्या घरातलं सामान बारा वेळा हलवलं, आणि त्यातल्या अकरा वेळा लोखंडी कपाटाचं दुसरं टोक माझ्या हातात होतं. हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर पुढं मी त्यांना हसेन आणि वाचणाऱ्याला वाटेल, हा बाजूला उभा राहून गंमत बघणारा माणूस आहे. मी बाजूला उभा नव्हतो.

ते हायस्कुलात भूगोल शिकवून निवृत्त झालेले. कळंब्याच्या बाजूला त्यांचं एक मजली घर होतं, खाली ते आणि काकू, गच्चीवरच्या खोलीत मी. मी मूळचा आजऱ्याचा, आणि शाहूपुरीत एका आर्किटेक्टच्या ऑफिसात ड्राफ्ट्समन म्हणून लागलो होतो. खोली बघायला गेलो त्या दिवशी त्यांनी मला गाव, जात, लग्न यातलं काही विचारलं नाही. "जन्मसाल सांगा," म्हणाले. मी सांगितलं. त्यांनी बोटांवर काहीतरी मोजलं आणि म्हणाले, "पूर्वेकडची हाईसा तुम्ही. खोली बी पूर्वेची हाय. र्‍हावा." मी पिशवी उचलून जिना चढायला लागलो तर मागून हाक आली, "ओ पावणं, संडासाचं झाकण उघडं टाकायचं न्हाई. सगळं वाहून जातंय त्यातनं."

"काय वाहून जातं, सर?"

"नशीब. पण तुमच्याकडं अजून काय हाय म्हणा वाहून जायला!"

पाच वर्षं भाडं दिलं, पण त्यांच्या लेखी मी शेवटपर्यंत पावणंच राहिलो.

आधी ते वास्तुशास्त्राकडं गेले होते. ज्याला बोलावलं त्या माणसानं अर्धा तास घर बघितलं आणि जिना पाडायला सांगितला. सरांनी स्वतः उभं राहून, रोज पाणी मारून बांधून घेतलेला जिना. त्या माणसाला त्यांनी चहासुद्धा न पाजता वाटेला लावलं. मग कुठल्याशा प्रदर्शनात त्यांना फेंगशुईवरचं एक मराठी पुस्तक मिळालं आणि त्यांचा जीव भांड्यात पडला. "चिन्यांचं बरं असतंय बघा," ते मला म्हणाले. "ते भिंती पाडत न्हाईत. खुर्ची हलवत्यात."

त्या शास्त्राप्रमाणं घरात एक शक्ती वाहते, तिला ची म्हणतात. ती दारातून येते, अडगळीत साचते, समोरासमोर दारं असली की आली तशी निघून जाते. सर हे सगळं खडू हातात असल्यासारखं सांगत. आतून काकूंचा आवाज यायचा, "ची आली का बघा. आली असली तर च्या ठेवतो." सर हसत नसत. ते ताटाएवढं चिनी होकायंत्र पोटाशी धरून उंबऱ्यात उभे असत. रोज सकाळी उत्तर तपासायची, हा त्यांचा नेम होता. मी एकदा विचारलं, उत्तर काय रात्रीत हलते का? तर म्हणाले, "उत्तर न्हाई हलत. माणसं हलत्यात. म्हणून बघाय लागतंय."

दुसऱ्याच्या घरीही त्यांचे हात स्वस्थ बसत नसत. हळदीकुंकवाला काकूंना सोडायला गेले तर तिथली कुंडी उचलून कोपऱ्यात ठेवून यायचे. गल्लीत एक गृहस्थ वारले, तेव्हा आम्ही दोघं भेटायला गेलो. बायको भिंतीला टेकून बसली होती. सरांनी आत डोकावून मोकळा पलंग बघितला, होकायंत्र नव्हतं म्हणून खिडकीतल्या उन्हावरून दिशा धरली, आणि त्या बाईला म्हणाले, "वहिनी, त्यांचं पाय दाराकडं हुतं. चिन्यांत मढं तसं ठेवत्यात. मला इचारलं असतं तर फिरवून दिला असता पलंग." ती बाई त्यांच्याकडं नुसती बघत राहिली. मला धरणी दुभंगावी असं झालं. बाहेर आल्यावर मी रागावून बोललो तर त्यांना खरोखरच कळेना की चुकलं कुठं. माणूस वाईट नव्हता. पण आपल्याला उपाय सापडलाय अशी ज्याची खात्री पटते, त्याच्यासारखा निर्दय माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

तर हा सगळा खटाटोप होता काकूंच्या डोळ्यांसाठी.

काकूंना काचबिंदू होता. दिव्याभोवती रंगीत कडी दिसतात म्हणून त्यांनी पहिल्यांदा तक्रार केली तेव्हा "चष्म्याचा लंबर वाढला असंल" म्हणून सरांनी दोन वर्षं घालवली होती. डॉक्टरांनी पुढं सांगितलं, की गेलेली नजर परत येत नाही, उरलेली तेवढी टिकवायची. त्या दिवसापासून सरांनी थेंब घालायची वेळ एकदाही चुकवली नाही. सकाळी सात आणि संध्याकाळी सात, मोबाइलचा गजर वाजला की ते हात धुऊन हजर. थेंब डॉक्टरांचे, दिशा त्यांची. "दक्षिण म्हणजे अग्नी, अग्नी म्हणजे डोळं," ते सांगत. "दक्षिणेला डोळे असतात." आणि त्यांच्या घरात नेमका दक्षिणेला पाण्याचा माठ होता. "घर बांधल्यापासनं हिच्या डोळ्यावर पाणी वतत हुतो आम्ही," हे सांगताना त्यांचा आवाज फाटला होता, आणि तेव्हा मला हसू आलं नाही. शेजारच्या आजी म्हणाल्या, की दक्षिण तर यमाची. सर म्हणाले, "यम आपला. चिन्यांचा यम कुठं हाय ते अजून बघितलं न्हाई."

माठ हलला. मग माठ जिथं गेला तिथला दिवाण हलला, दिवाणामुळं कपाट हललं. घराचा नकाशा मी काढून दिला होता, अगदी मापात, ऑफिसात काढतो तसा. त्यावर सर नऊ चौकोनांचा पारदर्शक कागद ठेवत. दर फेब्रुवारीच्या सुरुवातीला चिन्यांच्या हिशेबानं घरातले चांगले-वाईट कोपरे जागा बदलतात, तेव्हा मोठी हलवाहलव. मधे कधी काकूंचं डोकं दुखलं की लहान. "माप चोख पायजे पावणं," ते बजावत. "इंचभर चुकलं की नशीब शेजारच्या खोलीत."

काकूंच्या डोळ्यांच्या तपासणीचा एक कागद असतो. त्यावर एक गोल, आणि जिथलं दिसत नाही तिथं काळं. सुरुवातीच्या एका तपासणीनंतर सरांनी तो कागद टेबलावर पसरला आणि त्यावर तोच नऊ चौकोनांचा कागद ठेवला. बराच वेळ बघून म्हणाले, "ईशान्येला काळं हाय." घराच्या ईशान्येला काय आहे ते बघायला ते उठून गेले. तिथं काकूंचं शिवणयंत्र होतं. ते त्याच संध्याकाळी आम्ही दोघांनी वर माझ्या खोलीत नेऊन ठेवलं. काकू जिन्याखाली उभ्या होत्या. "आता दोरा कुठं ओवतोय म्हणा मी," एवढंच म्हणाल्या.

काकू निपाणीकडच्या. मला तम्मा म्हणायच्या, तिकडं धाकट्या भावाला म्हणतात तसं. सरांच्या गुडघ्यांना दवाखान्याचा जिना झेपेनासा झाल्यावर दर तीन महिन्यांनी काकूंना रिक्षानं डोळ्यांच्या डॉक्टरांकडं नेण्याचं काम माझ्याकडं आलं. तिसऱ्या वर्षी डॉक्टरांनी मला एकट्याला आत बोलावलं. डाव्या डोळ्यानं आता काही दिसत नाही, उजव्यानं नळीतून बघितल्यासारखं मधलं तेवढं, आणि तेही कमी होणार. औषध चालू ठेवा. घरात यांच्या वाटेत काही येऊ देऊ नका. मी बाहेर आलो. माझ्या चपलांच्या आवाजावरनं त्यांनी मला ओळखलं.

"सांगितलं न्हवं तुला?" रिक्षात बसल्यावर त्यांनी विचारलं.

"हो."

"मला म्हायती हाय. ह्यांना सांगू नको. हाय तसंच हाय म्हणून सांग."

"काकू, सरांना कळायला नको?"

"कशाला? माझ्या डोळ्याचं पाप त्यांनी आपल्या डोस्क्यावर घेतलंय, तम्मा. ती दोन वर्षं रोज आठवत्यात. आता कुठं जरा झोपाय लागल्यात. त्यांस्नी वाटतंय, कपाट हलवलं की थांबतंय. वाटूदे की."

फाटकात सर उभेच होते. "काय म्हणाले?"

"आहे तसंच आहे, सर."

त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. डोळे भरून आले होते. "हाय तसंच म्हणजे थांबलं! दक्षिणेचा गुण ह्यो!" नवा तपासणीचा कागद मागितला तर मी म्हणालो, दर वेळी देत नाहीत. एकदा खोटं जमलं की पुढचं कष्टानं बोलावं लागत नाही. संध्याकाळी त्यांनी बासुंदी आणली, मला खाली जेवायला बोलावलं, आणि पुढच्या रविवारी गुण आला म्हणून दिवाण आणखी दक्षिणेला सरकवला. एक बाजू मी धरली.

काकूंनी दोन दिवसांनी मला स्वयंपाकघरात बोलावलं. कपाळावर टेंगूळ होतं. "तू कागदावर घर काढतोस न्हवं? बोट फिरवून कळंल असं काय येतंय काय काढाय?"

मी केलं. पुठ्ठ्यावर भिंतींच्या जागी सुतळी चिकटवली, सामानाच्या जागी पुठ्ठ्याचेच तुकडे, दारांच्या जागी मोकळं. सर पाच वाजता रंकाळ्याला फिरायला जायचे. तेवढ्या वेळात त्या आधी बोटांनी घर फिरायच्या, मग पायांनी. चुलीपासून दिवाण नऊ पावलं. दिवाणाच्या कडेनं उजवीकडं वळलं की चार पावलांवर न्हाणीघर. पुढच्या दारात सरांनी टांगलेल्या फेंगशुईच्या धातूच्या नळ्या वाऱ्यानं वाजायच्या, त्यावरनं दार कळायचं. आठवड्याभरात त्या अशा सराईतासारख्या चालायच्या की सर कौतुकानं मला खूण करायचे, बघा, कशी चालालीय. सामान हललं की मी नवा पुठ्ठा करायचो आणि जुना वर नेऊन फाडून टाकायचो. ऑफिसात मी कुणाकुणाचे बंगले कागदावर उभे केले असतील, पण माझ्या हातचं सगळ्यांत चांगलं काम ते पुठ्ठेच होते. तेव्हा मला त्याचा अभिमान वाटायचा. मधल्या मधे दोघांनाही सांभाळतोय, असं वाटायचं.

एकदाच मी प्रयत्न केला. कपाट हलवायला सर उभे राहिले तेव्हा म्हणालो, "सर, आता सामान आहे तिथंच राहू दे."

"का?"

आत काकूंनी भांडं आपटलं. सरांनी पुन्हा विचारलं, "का वो?"

"जड आहे कपाट."

"तरण्याताठ्या माणसानं असं म्हणायचं?" ते हसले. "धरा, धरा."

मी धरलं.

पाचव्या वर्षी फेब्रुवारीच्या सुरुवातीला माझ्या बहिणीचं लग्न होतं. आजऱ्याला जाताना मी सरांना सांगून गेलो, की मी येईपर्यंत थांबा. हळदीच्या दिवशी दुपारी त्यांचा फोन आला. मांडवात बँजो वाजत होता. मी गोठ्याकडं जाऊन फोन कानाला लावला.

"पावणं, कपाट किती फुटाचं हाय? बोळात बसतंय काय?"

"सर, मी आल्यावर करू."

"तिथी कुणासाठी थांबत न्हाई. शेजारच्यांस्नी बोलावलंय हात लावाय. माप तेवढं सांगा."

मला माप पाठ होतं. मी सांगितलं. स्वयंपाकघराकडं जाणारा तो बोळ मोठा होता, कपाट बसत होतं, चालायला वाटही राहत होती. फोन ठेवला आणि तेव्हाच मनात आलं, की काकूंकडं जुना पुठ्ठा आहे. परत फोन करून काकूंना सावध करता आलं असतं. पण फोन सर उचलायचे. उद्या बघू, म्हटलं. दुसऱ्या दिवशी लग्न, तिसऱ्या दिवशी वऱ्हाडाचं जेवण. पाहुण्यांनी आग्रह केला म्हणून एक दिवस जास्त राहिलो. मला कुणी डांबून ठेवलं नव्हतं.

त्या जादाच्या दिवशी सकाळी सहाला उठून काकू अर्धवट झोपेत चहा ठेवायला निघाल्या. डोक्यातल्या जुन्या घरातून. बोळात जिथं त्यांना चार पावलं मोकळी माहीत होती तिथं कपाटाची कड होती. खुब्याचं हाड मोडलं.

निरोप दुसऱ्या दिवशी मिळाला, तसा मी थेट दवाखान्यात गेलो. सर बाहेर बाकावर बसले होते. "चक्कर आली म्हणतीय," ते म्हणाले. "कधी न्हाई ती चक्कर कशी आली?" शस्त्रक्रिया झाली होती. मी आत गेलो तर काकूंनी चप्पल ओळखली.

"चक्कर म्हणून सांगिटलंय मी," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "तू बी तेच सांग. आणि आता घरात काय कुठं हाय ते सांग मला. घरी गेल्यावर परत पडतो काय मी?"

पुठ्ठा नव्हता. मी त्यांचा तळहात उघडला आणि त्यावर बोटानं घर काढलं. हे अंगठ्याच्या बुडाला दार. इथून बोळ. कपाट इकडं, डावीकडून जायचं, तीन पावलं. त्या पुटपुटत होत्या, डाव्या अंगाला तीन. दोनदा चुकल्या, तिसऱ्यांदा सगळं घर बरोबर म्हणून दाखवलं. दमल्या होत्या, पण चेहरा खुलला. "झालं की पाठ," म्हणाल्या.

संध्याकाळी सर मला घरी घेऊन गेले. त्यांनी नकाशा काढून ठेवला होता. कपाट बोळात ठेवल्यानं दक्षिण अडली असणार, म्हणून ती आजारी पडली. ते परत काढायचं, दिवाण खिडकीखाली घ्यायचा, म्हणजे ती घरी येईस्तोवर घर तिला साजेसं होईल. ते वाकून उभे राहिले. मला तेव्हा बोलायला हवं होतं. आता लपवायला काय उरलं होतं? पण त्या म्हाताऱ्या माणसाच्या तोंडावर, तुम्ही पाडलंत तिला, असं म्हणायची माझी छाती झाली नाही. मी दुसरं टोक धरलं. दुपारी काकूंच्या तळहातावर जे घर मी काढलं होतं ते रात्री जेवायच्या आत मीच मोडलं.

सकाळी जाऊन नवं सांगायचं ठरवलं होतं. सकाळी त्यांना ऑक्सिजन लावला होता. छातीत न्यूमोनिया झाला. आठव्या दिवशी त्या गेल्या. मला राहून राहून वाटतं, त्या आठ दिवसांत जेव्हा जेव्हा त्यांना शुद्ध असेल तेव्हा त्या मनातल्या मनात ते घर चालत असणार, डाव्या अंगाला तीन, आणि ते घर कुठंच नव्हतं.

त्यानंतर सरांनी काही हलवलं नाही. सातचा गजर मात्र दोन्ही वेळा वाजायचा, वर माझ्या खोलीत ऐकू यायचा, आणि बराच वेळ कुणी बंद करायचं नाही. महिनाभरानं त्यांनी मला खाली बोलावलं. टेबलावर नकाशा, फूटपट्टी, पेन्सिल. दाढी वाढलेली. बसा म्हणाले नाहीत.

"पावणं, एक इचारतो. खरं सांगा. तिला दिसत हुतं न्हवं?"

या प्रश्नासाठी मी महिनाभर उत्तर जुळवत होतो. त्यांच्याकडं बघितलं आणि सर आता कुठं झोपायला लागलेत, हे काकूंचं रिक्षातलं बोलणं आठवलं.

"दिसत होतं, सर."

"हाय तसंच?"

"आहे तसंच होतं."

त्यांनी मान हलवली. फूटपट्टी बोळावर ठेवली, उचलली, परत ठेवली.

"मग पडली कशी?"

ते नकाशावर वाकून राहिले. बऱ्याच वेळानं त्यांनी मान वर केली तेव्हा चेहऱ्यावर सुटका झाल्यासारखं काहीतरी होतं.

"फोनवर तुम्ही माप सांगिटलेलं कपाटाचं. गडबडीत हुता. ते चुकलं असणार तुमचं. दोन-तीन इंच वाटंत आलं असणार."

माप बरोबर होतं. आजही झोपेतून उठवलं तरी सांगेन, इतकं ते मला पाठ आहे.

"हो सर," मी म्हणालो. "माझंच चुकलं."

त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. पाच वर्षांत त्यांना असं एकदाही कुणावर चिडलेलं मी बघितलं नव्हतं. "मर्दा, एक काम हुतं तुझ्याकडं," ते म्हणाले. "एक! ह्या म्हैन्यात खोली खाली कर."

मी केली. जाताना मला सुटल्यासारखं वाटलं, आणि त्याची लाज अजून गेलेली नाही.